नवी सायकल कुरकुरतेय, घासतेय, गियर उड्या मारतोय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

नवी सायकल घेऊन दोनतीन आठवडे झाले की बऱ्याच जणांचा जीव खाली-वर व्हायला लागतो, की एवढी कोरी सायकल आणि आत्ताच टकटक कशी काय करायला लागली, गियर पडायला वेळ का लावतोय, खराब माल तर गळ्यात मारला नाही ना. तर आधी हे सांगतो की बहुतेक वेळा तसं काही नसतं. नवी सायकल म्हणजे अजून न बसलेली सायकल. केबलचं कव्हर दोन्ही टोकांना दबून बसायचं असतं, स्पोकचा ताण बसायचा असतो, क्रँक (ज्याच्या टोकाला पायडल असतं तो दांडा) मधल्या अॅक्सलवर चढून बसायचा असतो, ब्रेकचे पॅड डिस्कवर घासून बसायचे असतात, आणि हे सगळं चालवल्याशिवाय होतच नाही. म्हणून पहिल्या महिन्याभरात एकदा सगळी सायकल नीट तपासावी लागते, ती कितीही महागाची असली तरी. त्यात पुन्हा खोक्यातून अर्धवट जोडलेली सायकल आली असेल आणि उरलेलं घरी जोडलं असेल तर तपासणी पहिल्याच दिवशी करा, थांबू नका.

पण सगळंच आपोआप बसेल असं समजून सोडून द्यायचं नाही. माझ्या भाचीच्या नव्या सायकलचा डावा क्रँक किंचित हलत होता, पायडल मारताना बारीक टक् असा आवाज यायचा, सगळे म्हणाले नवी आहे, होईल ठीक, आणि ती तशीच आठ-दहा दिवस चालवली. क्रँक अॅल्युमिनियमचा आणि आतला अॅक्सल स्टीलचा, त्यामुळे सैल क्रँकचं चौकोनी भोक आतून झिजून वाकडंतिकडं झालं आणि मग तो कितीही आवळला तरी दोन दिवसांत पुन्हा सैल. शेवटी क्रँकच बदलावा लागला. पहिल्या दिवशी एक बोल्ट आवळला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून मी कोणाचीही नवी सायकल दिसली की आधी क्रँक धरून हलवून बघतो.

आधी ऐका, मग हात लावा

लोकांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज आला की दिसेल तो स्क्रू फिरवायचा. असं केलं की मूळ दोष राहतो बाजूला आणि दोन नवीन तयार होतात. त्यापेक्षा सायकल चालवताना स्वतःलाच तीनचार प्रश्न विचारा, निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल नुसती पळू दिली तर आवाज थांबतो का? थांबला तर दोष पायडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अॅक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग), चेन, गियर यातच कुठेतरी आहे. नाही थांबला तर चाक, ब्रेक, टायर, मडगार्ड. (पायडल थांबवल्यावर मागच्या चाकाच्या मधल्या भागातून, म्हणजे हबमधून, जो टिकटिक टिकटिक आवाज येतो तो फ्रीव्हीलचा, तो यायलाच पाहिजे, त्याची काळजी नको.)

सीटवरून उठून उभ्याने पायडल मारलं तर आवाज जातो का? गेला तर दोष सीट किंवा सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या दांडीत) आहे. हे लोकांना पटत नाही कारण आवाज खालून आल्यासारखा वाटतो. फ्रेमचे पाइप पोकळ असतात, आवाज एका टोकाला होतो आणि ऐकू भलतीकडेच येतो, त्यामुळे कानावर पूर्ण भरवसा ठेवू नका, चाचणीवर ठेवा.

उभं राहून चढ चढताना हँडल ओढल्यावरच करकर होते का? मग स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) आणि हँडलचे बोल्ट बघा.

आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न म्हणजे आवाज किती वेळाने येतो. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँक किंवा पुढची चेनरिंग (क्रँकजवळचं दात्यांचं चक्र). चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा, म्हणजे वेग वाढला की आवाजही भराभर यायला लागतो, तर चाकातच काहीतरी आहे, रिम, डिस्क, स्पोकवरचा रिफ्लेक्टर, टायर नीट न बसलेला. आणि पायडलच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदा टक् होऊन झटका बसत असेल तर चेनची एखादी कडी ताठ आहे. साधा हिशोब आहे, समजा चेनला ११४ कड्या आहेत आणि पुढच्या चेनरिंगला ३८ दाते, तर चेनची पूर्ण फेरी व्हायला पायडलच्या बरोबर ३ फेऱ्या लागतात, म्हणून खराब कडी दर तिसऱ्या फेरीला बोलते. मला हा हिशोब कळला तेव्हापासून चेनचा दोष शोधायला वेळच लागत नाही.

अजून एक, एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू किती फिरवला ते लक्षात ठेवा, अर्धा फेरा की पाव, वाटलं तर कागदावर लिहा. फरक पडला नाही तर तो परत होता तिथे आणा आणि मगच पुढच्याला हात लावा. हे कंटाळवाणं वाटतं पण यानेच वेळ वाचतो.

लागणारं सामान फार नाही. ४, ५ आणि ६ मिमीच्या अॅलन की, काही क्रँकच्या बोल्टला ८ मिमीची, पायडलसाठी १५ चा पाना, एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, थोडं ग्रीस, चेनचं तेल, स्वच्छ फडकी आणि पंप.

पहिली तपासणी, रस्त्यावर काढायच्या आधी

चाकं फ्रेममध्ये पूर्ण आत बसलीत का हे आधी बघा. क्विक रिलीजचा दांडा हा बोल्ट नाही, तो गोल गोल फिरवत आवळायचा नसतो, समोरच्या नटाने ताण ठरवायचा आणि मग दांडा दाबून बंद करायचा, बंद करताना तळहातावर वळ उमटेल एवढा जोर लागला पाहिजे. सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी असताना हे करा, म्हणजे वजनाने चाकाचा अॅक्सल आपोआप सरळ बसतो. ब्रेक घासण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच सुटतात, खरंच.

पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) उलटा तर बसवला नाही ना ते बघा. हे ऐकायला विचित्र वाटेल पण घरी जोडलेल्या सायकलींमध्ये ही चूक इतक्या वेळा होते की सांगायची सोय नाही. फोर्कची खालची टोकं, जिथे चाकाचा अॅक्सल बसतो, ती पुढच्या बाजूला झुकलेली असली पाहिजेत, आणि डिस्क ब्रेक असेल तर पुढचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, फोर्कच्या मागच्या बाजूला येतो. उलटा फोर्क असला तर पाय पुढच्या चाकाला लागतो, सायकल वळताना अंगावर आल्यासारखी वाटते, आणि लोक महिनोनमहिने तशीच चालवतात, मला हे बघून वाईट वाटतं.

मग पायडल. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. पायडलवर आर आणि एल असं कोरलेलं असतं. दोन्ही बाजूंना लक्षात ठेवायची एकच खूण, पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की पायडल आवळतं, मागे ओढला की सुटतं. आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे चारपाच फेरे बोटांनीच फिरवा, बोटांनी जात नसेल तर तिरकं लागतंय, काढा आणि परत लावा, पान्याने जोर लावून घुसवू नका. इथेही तेच, क्रँक मऊ अॅल्युमिनियमचा असतो आणि पायडलचा दांडा स्टीलचा, आटे जातात ते क्रँकचेच.

आता क्रँक. दोन्ही क्रँक फ्रेमच्या दिशेने आतबाहेर हलवून बघा. एकच हलत असेल तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे. दोन्ही एकदम हलत असतील, म्हणजे एक बाजू आत गेली की दुसरी बाहेर येते, तर आतलं बॉटम ब्रॅकेट सैल आहे, त्याला वेगळी हत्यारं लागतात, ते मेकॅनिककडे न्या. क्रँकचा बोल्ट मात्र घरी आवळता येतो, आणि चांगला घट्ट लागतो, चौकोनी अॅक्सलच्या क्रँकला साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटर, म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने बऱ्यापैकी जोर लावून. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

हँडलचं बघायचं म्हणजे पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल मागेपुढे ढकलायची. फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर बोट ठेवा, तिथे खट्खट् हललं तर हेडसेट (त्या सांध्यातलं बेअरिंग) सैल आहे. आणि हा आवळायचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. स्टेमच्या वरच्या टोपणावरचा बोल्ट हँडल पकडून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगवर थोडा दाब देतो. त्यामुळे आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरचा बोल्ट थोडा थोडा आवळायचा, खट्खट् गेली आणि हँडल तरीही हलकं फिरतंय अशा जागी थांबायचं, चाक आणि हँडल एका रेषेत आणायचे आणि मग बाजूचे दोन्ही आलटून पालटून आवळायचे. बाजूचे बोल्ट सैल न करता वरचाच आवळत बसलात तर काहीच होत नाही, नाहीतर त्याचे आटे जातात. स्टेमच्या बोल्टवर किती आवळायचं ते बरेचदा छापलेलं असतं, साधारण ५ न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या अॅलन कीने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. जुन्या पद्धतीचा स्टेम असेल, ज्याची दांडी फ्रेमच्या आत जाते, तर तिथे मोठे दोन नट असतात, त्याला मोठे पाने लागतात.

गियर

नव्या सायकलच्या सगळ्यात जास्त तक्रारी गियरच्याच. आधी नीट, आणि पंधरा दिवसांनी मागच्या मोठ्या दातेरी चक्रावर चढायला आढेवेढे, मधेच चेन दोन चक्रांमध्ये खरखरत राहते. लोक म्हणतात केबल ताणली गेली. खरं तर तार फारशी ताणली जात नाही, तिच्यावरचं कव्हर टोकांच्या टोप्यांमध्ये दबून बसतं, आणि कव्हर जरा आखूड झालं की आतली तार तेवढी सैल पडते. म्हणजे हा दोष नाही, हे होणारच असतं, आणि उपाय एका हाताने होतो.

मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) केबल जिथे शिरते तिथे किंवा हँडलवरच्या शिफ्टरपाशी (गियर बदलायच्या खटक्यापाशी) एक छोटी फिरवायची घुंडी असते, तिला बॅरल अॅडजस्टर म्हणतात. ती उलटी फिरवली, म्हणजे बाहेर येईल अशी, तर केबल घट्ट होते. आता एवढंच लक्षात ठेवा की मागे चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर केबल सैल आहे, अर्धा फेरा बाहेर काढा. छोट्या चक्रावर उतरायला वेळ लावत असेल तर केबल जास्त घट्ट आहे, अर्धा फेरा आत घाला. मग पुन्हा गियर टाकून बघा, आणि मग पाव पाव फेरा. शिफ्टरचं एक क्लिक म्हणजे एक चक्र, हे जमलं की झालं. घुंडी पूर्ण बाहेर आली आणि तरी केबल सैलच असेल तर ती परत पूर्ण आत घाला, चेन सगळ्यात छोट्या चक्रावर आणा, केबल धरून ठेवणारा बोल्ट सैल करा, तार हाताने ओढून परत आवळा, आणि मग पुन्हा बारीक जुळवणी.

आता यातली धोक्याची गोष्ट. डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले दोन छोटे स्क्रू असतात. त्यांचा केबलच्या ताणाशी संबंध नाही, डिरेलर दोन्ही टोकांना कुठपर्यंत जाऊ शकतो तेवढी हद्द ते ठरवतात. एच म्हणजे सगळ्यात छोट्या चक्राकडची हद्द, एल म्हणजे मोठ्या चक्राकडची. लोक गियर नीट पडत नाही म्हणून हे दोन फिरवत बसतात आणि मग एलची हद्द सैल झाली की एखाद्या चढावर चेन मोठं चक्र ओलांडून थेट स्पोकमध्ये जाते, डिरेलर त्यात ओढला जातो, चाक जाम, स्पोक तुटतात. त्यामुळे चेन टोकाच्या चक्राच्या पलीकडे पडत नसेल आणि टोकाच्या चक्रावर नीट पोचत असेल तर या दोघांना हात लावू नका. पलीकडे पडत असेलच तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आत घाला, टोकापर्यंत पोचतच नसेल तर पाव फेरा बाहेर. आणि हे बघताना सायकल स्टँडवर किंवा कोणीतरी मागून उचलून धरलेली असू द्या, पायडल हाताने हळू फिरवा, बोटं चेनपासून लांब.

सगळं करूनही गियर अर्ध्या चक्रांवर छान आणि उरलेल्या अर्ध्यांवर खराब असं होत असेल, एकीकडे जुळवलं की दुसरीकडे बिघडतं, तर केबलचा नाद सोडा आणि सायकलच्या मागे बसून बघा. डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चक्रांच्या अगदी सरळ रेषेत उभी दिसली पाहिजेत. खालचं चाक आत स्पोककडे वळलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा, बऱ्याच सायकलींत तो मुद्दामच मऊ केलेला आणि वेगळा काढता येणारा असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम नको. खोक्यात दाबून आलेल्या किंवा उजव्या बाजूला एकदा आडव्या पडलेल्या सायकलचा तो हमखास वाकतो. याला सरळ करायचं वेगळं हत्यार असतं, पान्याने अंदाजे वाकवू नका, तुटतो. सायकल आलीच अशी असेल तर ज्याने विकली त्यालाच दाखवा.

पुढे दोनतीन चेनरिंग असतील तर पुढच्या डिरेलरची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर आणि तिला समांतर पाहिजे. आणि पुढे सगळ्यात मोठी, मागेही सगळ्यात मोठं असं लावलं की, किंवा दोन्हीकडे सगळ्यात छोटं लावलं की चेन तिरकी धावते आणि घासते, तो बिघाड नाही, तो गियर वापरायचा नसतो.

ब्रेक

ब्रेक घासतोय असं वाटलं की चाक उचलून हाताने फिरवा. सतत घासतंय की फेरीत एकाच जागी? सतत घासत असेल तर ब्रेक किंवा चाक मधोमध नाही. एकाच जागी घासत असेल तर रिम किंवा डिस्क तिथे वाकडी आहे.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर मधोमध आणायचं काम सोपं आहे. चाक नीट बसलंय ना ते आधी, मग कॅलिपर धरून ठेवणारे दोन बोल्ट जरा सैल करा, एवढेच की कॅलिपर डावीउजवीकडे सरकेल, मग ब्रेक लिव्हर घट्ट दाबून धरा, कॅलिपर आपोआप डिस्कवर मध्ये येतो, आणि लिव्हर तशीच दाबलेली ठेवून दोन्ही बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एकदम एक आवळला तर कॅलिपर फिरतो आणि पहिल्यासारखंच होतं. केबलवाला डिस्क ब्रेक असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये एकच पॅड हलतो आणि दुसरा जागेवर असतो, त्या जागेवरच्या पॅडला आतल्या बाजूने फिरवायची वेगळी चकती किंवा अॅलनचा स्क्रू असतो, तो पॅड डिस्कच्या अगदी जवळ पण न लागता आणून ठेवायचा.

नव्या डिस्क ब्रेकला पहिल्या दिवशी पकड कमी असते, याला घाबरू नका, पण त्याला बसवावं लागतं. मोकळ्या सपाट जागी बऱ्यापैकी वेग घ्या आणि एकाच ब्रेकने चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, चाक जाम करू नका, आणि असं १५-२० वेळा, मग दुसऱ्या ब्रेकचं. दरवेळी पकड वाढत गेलेली जाणवते. हे न करता कोणी नवी सायकल थेट उतारावर नेली की मला धास्ती वाटते.

आणि डिस्कला बोटं लावू नका, तेलाचा स्प्रे तर जवळपाससुद्धा नको. मी एकदा चेनवर स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर बारीक तुषार उडाले, दिसलेही नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळायला लागला आणि पकड निम्मी. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तर स्वच्छ होते, पण पॅडमध्ये तेल मुरलं की तो परत पूर्वीसारखा होणं कठीण, मला नवीन पॅड घालावे लागले. चेनला तेल थेंबानेच द्या.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर लिव्हर दाबू नका, पॅडमध्ये डिस्क नसताना दाबली की पिस्टन बाहेर येतात आणि मग चाक परत बसत नाही. दाबली गेलीच तर प्लॅस्टिकच्या चपट्या वस्तूने ते हळू आत ढकलता येतात. लिव्हर स्पंजसारखी मऊ लागत असेल तर आत हवा आहे. सायकल उलटी करून ठेवली की काही ब्रेकमध्ये हवा वरची खाली जाते, अशा वेळी सायकल सरळ उभी करा, थोडा वेळ थांबा, लिव्हर दहावीस वेळा दाबा, जागेवर येते. नाही आली, किंवा कुठे तेल झिरपलेलं दिसलं, तर चालवू नका, मेकॅनिककडे.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर तीन गोष्टी. ब्रेक शू रिमवरच लागला पाहिजे, टायरला अजिबात नाही, टायरला लागत असेल तर थोड्याच दिवसांत टायरची बाजू कापली जाते. एका बाजूचाच शू घासत असेल तर ब्रेकच्या दोन्ही हातांवर खाली जो छोटा स्क्रू असतो तो बघा, ज्या बाजूचा घासतोय त्या बाजूचा अर्धा फेरा आवळला की तिथली स्प्रिंग जोर धरते आणि शू रिमपासून लांब जातो. आणि ब्रेक किंचाळत असेल तर रिम अल्कोहोलने पुसा, नवीन रिमवर कारखान्यातला तेलाचा थर असतो, तरी नाही गेलं तर शूचं पुढचं टोक आधी टेकेल असा किंचित तिरका लावा. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा १ मिमीचा तुकडा ठेवून बोल्ट आवळला की बरोबर बसतो.

चाकं, स्पोक, टायर

पहिल्या एकदोन वेळा चालवताना स्पोकमधून टिंग टिंग असे आवाज आले तर तो जोडताना पिळला गेलेला स्पोक सुटण्याचा आवाज आहे, तो थांबतो. पण त्यानंतर काही स्पोक सैल पडतात आणि चाकाला आउट येतो, म्हणजे रिम एका जागी डावीउजवीकडे वळते. दर स्पोक बोटाने छेडून बघा, एकाच बाजूचे स्पोक साधारण सारखे वाजले पाहिजेत, एखादा ढब्ब वाजला तर तो सैल. (मागच्या चाकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगळा येतो, ते बरोबर आहे.) थोडासा आउट घरी काढता येतो, रिम उजवीकडे गेली असेल तर त्या जागचे डाव्या बाजूचे स्पोक पाव पाव फेरा आवळायचे, टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने. पण स्पोकची योग्य मापाची चावी पाहिजे, पक्कडीने निप्पल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) धरू नका, कडा गोल होतात. आउट डोळ्यांना लांबून दिसतोय एवढा असेल तर घरी प्रयोग नकोत.

नव्या सायकलला पहिल्याच आठवड्यात दोन-तीनदा पंक्चर झालं तर नशिबाला दोष देऊ नका, भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला लागतेय, पट्टी सरळ करेपर्यंत कितीही ठिगळं लावा, पंक्चर होतच राहणार. शेजारी शेजारी दोन भोकं असतील, साप चावल्यासारखी, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटली. बाहेरच्या बाजूला एकच असेल तर टायरमध्ये काहीतरी अडकलंय, ट्यूब व्हॉल्व्हच्या जागेवरून टायरला लावून मोजा म्हणजे नेमकी जागा सापडते. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, त्याच्या मधे ठेवा. बारीक लांब व्हॉल्व्ह असेल तर टोकाची छोटी घुंडी आधी उघडावी लागते, त्याशिवाय हवा जात नाही. दर फेरीला सीटखाली हलका उचका बसत असेल तर रिमच्या कडेने टायरवर जी बारीक रेघ असते ती बघा, ती सगळीकडे सारख्या अंतरावर पाहिजे, एका जागी आत बुडालेली असेल तर हवा काढून टायर तिथे चोळून बसवा आणि परत भरा.

चेन आणि उरलेली करकर

नव्या चेनवर कारखान्यातलं वंगण असतं, ते चांगलं असतं, धुऊन काढू नका, फक्त बाहेरून फडक्याने पुसा. ताठ कडी शोधायची तर पायडल हाताने उलटं फिरवत मागच्या डिरेलरच्या छोट्या चाकांपाशी बघत राहा, तिथून जाताना ताठ कडी उडी मारते. दोन्ही हातांनी धरून ती आडवी, म्हणजे डावीउजवीकडे, हलकी वाकवा आणि तेलाचा थेंब द्या, सुटते. गियर नसलेल्या सायकलला चेन मधोमध धरून वरखाली हलवली तर साधारण १ ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त सैल असेल तर पडते, एकदम ताठ असेल तर जड जाते आणि बेअरिंगवर ताण येतो. मागचे नट सैल करून चाक मागे ओढा आणि दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना ते बघून आवळा.

करकर शोधायचा माझा क्रम असा, सोप्यापासून अवघडाकडे. सीटपोस्ट बाहेर काढा, पुसा, फ्रेम आणि पोस्ट दोन्ही धातूचे असतील तर ग्रीस लावून परत घाला (कार्बनचा पोस्ट असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट असते), आणि पोस्टवरची कमीत कमी आत घालायची खूण फ्रेमच्या आतच राहू द्या. सीटच्या खालच्या दांड्यांचा बोल्ट आवळा. मग पायडल काढून आट्यांना ग्रीस. मग चेनरिंगचे बोल्ट. मग स्टेम. दर पायरीनंतर एक चक्कर मारून या. बॉटम ब्रॅकेटला सगळे आधी दोष देतात पण माझ्या अनुभवात नव्या सायकलीत कोरडं पायडल नाहीतर कोरडा सीटपोस्ट हेच जास्त वेळा निघतं. खडखड असेल तर मडगार्डचे बोल्ट, कॅरिअर, स्टँड, रिफ्लेक्टर, आणि फ्रेमवर आपटणारी केबल, हे सगळं बोटाने टिचक्या मारून दोन मिनिटांत सापडतं.

फ्रेमच्या जोडावर केसासारखी रेघ दिसली, फोर्क वाकडा वाटला, क्रँक आवळूनही दोन दिवसांत सैल झाला, किंवा चाक हाताने फिरवताना बेअरिंगमध्ये दगड असल्यासारखं खरखरलं, तर हत्यार हातात घेऊ नका, कारण तुम्ही उघडलेल्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. फोटो काढा, आवाजाचा व्हिडिओ काढा आणि ज्याच्याकडून घेतली त्याला नुसतं आवाज येतो असं न सांगता नेमकं सांगा, की पायडलच्या दर फेरीला एकदा, उजवा पाय खाली दाबताना, बसून आणि उभं राहूनही येतो, नुसती पळू दिली की थांबतो. एवढं ऐकलं की मेकॅनिकला कुठून उघडायचं ते लगेच कळतं.